छोटं खाजगी विद्यापीठ : आत राहून काय दिसतं?

बालाघाटची_लेक (धागाकर्ती)

सीईटीचे निकाल लागले की दरवर्षी या मंचावर 'अमुक खाजगी विद्यापीठ कसं आहे?' असे धागे निघतात. खाली निम्मे लोक शिव्या घालतात, निम्मे माहितीपुस्तकातलं उतरवून ठेवतात. मी अशा एका विद्यापीठात तीन वर्षं राहिले आहे. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा देऊन परवाच घरी आले, म्हणून जे पाहिलं ते लिहिते. विद्यापीठाचं नाव देणार नाही, आणि कृपया कुणी अंदाज बांधू नका. मला अजून एक वर्ष तिथे काढायचं आहे, आणि तिथल्या काही माणसांनी माझ्यासाठी खूप केलं आहे.

मी अहमदपूरची, जिल्हा लातूर. वडील एसटीत कंडक्टर. २०२२ ला बारावी झाले. फूड टेक्नॉलॉजी करायचं हे नववीपासून डोक्यात होतं, कारण आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळं येतात ती सगळी एकदम. दोन दिवसांत पिकतात, तिसऱ्या दिवशी काळी पडतात, आणि बाया पाट्याच्या पाट्या मातीमोल भावाने देऊन घरी जातात. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं अन्नतंत्र महाविद्यालय ही माझी पहिली पसंती होती. थोडक्यात हुकलं. पुढच्या फेऱ्यांत मिळत होतं ते मला करायचं नव्हतं. तेवढ्यात या विद्यापीठाची जाहिरात दिसली. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, आठवड्यात निकाल, हवी ती शाखा. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून पहिला हप्ता भरला.

आमच्या वर्गात चोवीस जण. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या सरांना सगळ्यांची नावं पाठ होती. मी एकदा दोन दिवस तापाने वर्गात गेले नाही, तर मॅडम संध्याकाळी होस्टेलवर बघायला आल्या. मेसवाल्या मावशींकडून त्यांनी माझ्यासाठी पेज करून घेतली. माझी धाकटी चुलतबहीण सव्वाशेच्या वर्गात शिकते. तिला ही गोष्ट खरी वाटत नाही.

आता सीताफळाचं सांगते. तिसऱ्या सेमिस्टरला मी प्रोसेसिंगच्या सरांना आमच्याकडची अडचण बोलून दाखवली. ते म्हणाले, "नुसतं सांगू नकोस, फळं मागव." वडिलांनी ओळखीच्या ड्रायव्हरकडे दोन पाट्या दिल्या. सरांनी खिशातून पायलट प्लांटची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. पायलट प्लांट म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत वाफेवर चालणारी एक केटल, एक पल्पर म्हणजे गर काढायचं यंत्र, एक जुना डीप फ्रीझर. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि उघडा राहिला की तपकिरी पडतो. म्हणजे आंब्यासारखा आटवून ठेवता येत नाही, थंडच ठेवावा लागतो. आम्ही तिघी पल्परच्या जाळ्या बदलत बसलो. बारीक जाळी लावली की गराच्या कळ्या चिरडून चिखल होतो, मोठी लावली की गराबरोबर बिया खाली येतात. शेवटी अर्धं काम हातानेच केलं. बोटं चिकट, नखांत काळं. रात्री साडेनऊला चार डबे भरून झाले. प्रत्येकात ॲस्कॉर्बिक ॲसिडचं (गर तपकिरी पडू नये म्हणून घालतात ते) प्रमाण वेगळं, वर मार्करने नंबर. फ्रीझरमध्ये ठेवले. दर सोमवारी काढून रंग बघायचा. पाचव्या सोमवारीही दोन नंबरचा डबा पांढराशुभ्र होता. तो मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिने तो फोन शेजारच्या काकूंनाही दाखवला.

दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या हाती रात्री साडेनऊपर्यंत अख्खी शेड कुठलं मोठं कॉलेज देईल? हे मला छोट्या जागेनेच दिलं.

फेब्रुवारीत सर नोकरी सोडून गेले. सेमिस्टरच्या मध्यात. त्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. सोमवारी आम्ही डबे बघायला गेलो तर शेडला कुलूप. किल्ली ऑफिसात जमा झाली होती. नवीन माणूस येईपर्यंत कुणाच्या जबाबदारीवर उघडायचं, हे ठरत नव्हतं. मार्चमध्ये कुणीतरी शेडचं मेन स्विच बंद केलं. ऑगस्टमध्ये दार उघडलं तेव्हा फ्रीझरमधून वास येत होता. त्या सेमिस्टरची प्रॅक्टिकलं आम्ही व्हिडिओ बघून जर्नलात उतरवली आणि त्यावर आम्हाला चांगले गुणही मिळाले. ते गुण आजही माझ्या गुणपत्रिकेवर आहेत, आणि मुलाखतीत त्या विषयावर प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा येतो.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच. छोट्या विद्यापीठात सगळं माणसावर चालतं. माणूस चांगला असेल तर तुम्हाला जे मिळतं ते हजारो मुलांच्या विद्यापीठात मिळत नाही. तो गेला की मात्र त्याच्याबरोबर विषय जातो, लॅब जाते, शिफारसपत्र जातं, कंपनीतली ओळख जाते. मागे त्याची जागा धरणारं काही नसतं.

आणि पैशाचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी बारावीची मैत्रीण लातूरला संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. दोघींच्या घरचं उत्पन्न साधारण सारखंच. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही. मैत्रिणीचा फोन आला, ती रडत होती आनंदाने. मी तो निर्णय उघडून वाचला. त्यात कंसात लिहिलं आहे की खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे मी वगळून. त्या दिवशी मी घरी फोन केला नाही.

माझी फी वर्षाला १ लाख ६० हजार. होस्टेल-मेस ९५ हजार. मी कुणाला जा किंवा जाऊ नका म्हणणार नाही. तुमचे अनुभव लिहा.

गोदाकाठ

मनापासून लिहिलंयस. मी संलग्न कॉलेजातला, आता शेवटचं वर्ष. आमच्याकडे वर्गात ७० जण आणि प्रॅक्टिकलला वीस-वीसच्या बॅचेस. पल्परला हात लागणं सोड, पहिल्या रांगेत उभं राहिलं तरच यंत्र दिसतं. निकाल दोन-अडीच महिन्यांनी. मागच्या वर्षी माझा एक पेपर राहिला, रिव्हॅलला म्हणजे फेरतपासणीला टाकला, आणि रिव्हॅलचा निकाल यायच्या आत त्याच विषयाची पुढची परीक्षा द्यावी लागली. तुमच्याकडे निकाल कधी लागतो?

बालाघाटची_लेक

पंधरा ते वीस दिवसांत. परीक्षा विभागात एकच ताई आहेत, त्या प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखतात. माझ्या गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलं होतं, दुपारच्या आत दुरुस्त करून मिळालं. पण याची दुसरी बाजूही सांगते. पेपर काढणारे, शिकवणारे आणि तपासणारे बहुतेक वेळा एकच. बाहेरून कुणी बघत नाही. त्यामुळे नऊच्या पुढचा सीजीपीए आमच्याकडे बऱ्याच जणांना असतो आणि बाहेर त्याला फारसं वजन नाही. म्हणून मी गेटची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेची, तयारी सुरू केली आहे. निदान एक आकडा तरी असा असावा जो आमच्या विद्यापीठाने दिलेला नाही.

अण्णा_जालना

ताई, तुमचा धागा रात्री दोनदा वाचला. माझ्या मुलीचा सीईटीचा निकाल आला आहे, फार चांगला नाही. एका खाजगी विद्यापीठातून रोज फोन येतो. म्हणतात, शुक्रवारपर्यंत २५ हजार भरून जागा पक्की करा, नाहीतर जाईल. मूळ टीसी आणि बारावीची गुणपत्रिका पण आत्ताच द्या म्हणतात. मी खताचं दुकान चालवतो, या गोष्टींतलं मला काही कळत नाही. काय करू?

बालाघाटची_लेक

अण्णा, घाई करू नका. आम्हालाही असाच शुक्रवार सांगितला होता. आम्ही शनिवारी पोचलो तरी जागा होती, ऑगस्टच्या शेवटीही होती.

मूळ कागद देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घरी आणा. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना स्पष्ट सांगितलेलं आहे. पैसे भरलेच तर पावती विद्यापीठाच्या नावाची हवी, मधल्या एजंटाच्या नावाची नको. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचेही यूजीसीचे नियम आहेत. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १ हजार कापून बाकी परत, असं होतं. या वर्षीच्या तारखा यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि त्या पानाची प्रिंट सोबत न्या. प्रिंट हातात असली की काउंटरवरचं बोलणं बदलतं, हे मी माझ्या रूममेटच्या वेळी पाहिलं आहे.

आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांचा फॉर्म भरणं सोडू नका. अटीत बसत असाल तर मुलगी म्हणून फी माफी तिथूनच मिळेल.

पानगळ

अण्णांच्या निमित्ताने थोडं जुनं सांगतो. मी शिक्षण खात्यातून निवृत्त झालो. 'विद्यापीठ' हा शब्द पाटीवर दिसला की लोक सगळं एकच समजतात. संलग्न कॉलेजची पदवी मोठ्या सरकारी विद्यापीठाची असते, फी आणि प्रवेश दोन्हीवर सरकारचं लक्ष असतं. अभिमत विद्यापीठाला केंद्र सरकार यूजीसीच्या शिफारशीवरून तो दर्जा देतं. आणि खाजगी विद्यापीठ हे राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने जन्माला येतं. यूजीसीच्या २००३ च्या नियमांप्रमाणे त्याला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. म्हणून ते बहुधा एका आवारापुरतं राहतं, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं लहानच असतं.

हे नियम उगाच आलेले नाहीत. छत्तीसगडने २००२ मध्ये असा सैल कायदा केला की बघता बघता ११२ खाजगी विद्यापीठं निघाली. कित्येकांकडे धड इमारत नव्हती. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ती सगळी रद्द झाली. तिथे शिकणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न न्यायालयालाही पडला. या संस्थांना राज्यातल्या चालू विद्यापीठांशी संलग्न होता यावं म्हणून पावलं उचलायला राज्याला सांगावं लागलं. त्या काळात माझ्या टेबलावर अशा मुलांचे पालक येऊन बसायचे. हातात पदवी आणि ती चालते की नाही हे कुणाला सांगता येत नव्हतं. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

तेव्हा अण्णा, यूजीसीच्या यादीत नाव आहे का, ते आधी बघा. नंतर अभ्यासक्रमाचं बघा. फार्मसी, कायदा, बी.एड. यांना त्या त्या परिषदेची मान्यता वेगळी लागते. विद्यापीठ यादीत आहे म्हणून तो अभ्यासक्रमही चालतो असं नाही. नॅक ही दर्जा तपासणारी संस्था, तिचं मानांकन नवीन विद्यापीठाला नसतंच. सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात किंवा दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. ते नाही म्हणून लगेच वाईट समजू नका. पण दहा वर्षं झाली आणि तरी नाही, तर का नाही ते विचारा.

खडूफळा

मी बराच वेळ लिहू की नको या विचारात होते. मी अशाच एका विद्यापीठात शिकवते, धागाकर्तीच्या नाही. त्या सरांसारखी मीही एकदा सेमिस्टरच्या मध्यात गेले आहे.

आमचा करार अकरा महिन्यांचा. आठवड्याला बावीस तास शिकवणं, शिवाय परीक्षा, शिवाय मूल्यांकनाच्या फायली. मे-जून महिन्यांत गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांत जाऊन विद्यापीठाची माहिती द्यायची, आणि प्रत्येकाने किती प्रवेश आणले याचा तक्ता एचओडींच्या केबिनमध्ये लावलेला. मला शिकवायला आवडतं. दहा-पंधरा मुलांसमोर बसून एखादा विषय उलगडत न्यायला मिळतं, हे सुख मोठ्या ठिकाणी नाही. पण कायमस्वरूपी जागेची ऑर्डर आली तेव्हा माझ्याकडे एक आठवडा होता. 'मुलांना आधी सांगू नका, अस्वस्थ होतील' असं मला सांगितलं गेलं. मी ऐकलं. शेवटच्या तासाला मी नेहमीसारखी 'उद्या पुढचा भाग घेऊ' म्हणून वर्गाबाहेर पडले. तिथली कायमची जागाही पुढे अडकली, मी परत खाजगीतच आले, ते असो. ते एक वाक्य मात्र मला अजून टोचतं.

बाळ, तुझ्या सरांनी तुला सांगितलं नाही ते बहुधा असंच असेल. त्यांना लिही. चार डब्यांच्या नोंदी त्यांच्याकडे असतील तर ते नक्की देतील.

बालाघाटची_लेक

मॅडम, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. दीड वर्ष मी सरांवर मनातून रागावलेली आहे. असं काही असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. आज मेल करते.

दूरदेशी

मी अशाच एका छोट्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतला. सध्या आयर्लंडमध्ये एमएस्सी करतोय. दोन गोष्टी लिहितो, कुणाच्या कामी येतील.

ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा) मला दोन दिवसांत मिळाली, सीलबंद पाकिटात. मोठ्या विद्यापीठातले मित्र आठवडेच्या आठवडे फेऱ्या मारत होते. पण इथल्या प्रवेश विभागाने आमचं नाव ऐकलेलंच नव्हतं. मान्यता आहे याचा पुरावा मागितला, आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, त्यावर विद्यापीठाचा शिक्का. चार वर्षांचा. आमच्या विद्यापीठाने मधे दोनदा अभ्यासक्रम बदलला होता आणि जुना कुणाकडे नव्हता! माझ्या वर्गातल्या एका मुलीने पहिल्या वर्षीचं पुस्तक जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तेव्हा आत्ता शिकत असाल तर दर सेमिस्टरला अभ्यासक्रमाची प्रत शिक्क्यासह घेऊन ठेवा. डिजिलॉकरवर गुणपत्रिका आणि एबीसीच्या (क्रेडिट्सच्या सरकारी बँकेच्या) खात्यात क्रेडिट्स चढलेत का, तेही तेव्हाच बघा. नंतर विचारायला गेलं तर तिथे नवी माणसं असतात.

प्लेसमेंटबद्दल, चोवीस मुलांसाठी मोठी कंपनी कॅम्पसवर येत नाही. हे मनाशी धरूनच जा. स्वतः दारं ठोठवावी लागतात.

बालाघाटची_लेक

अगदी खरं. मी गेल्या उन्हाळ्यात नाशिककडच्या एका टोमॅटो प्रक्रिया कारखान्यात इंटर्नशिप केली, ती एकेचाळीस मेल पाठवून मिळाली. तिथल्या सुपरवायझर काकांनी पहिल्याच दिवशी रिफ्रॅक्टोमीटर हातात देऊन ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, घ्यायला सांगितलं. मला येत होतं, कारण त्या सरांनी तिसऱ्या सेमिस्टरला प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा करून घेतलं होतं. केटलच्या वाफेचा दाब सांभाळायला सांगितला तेव्हा मात्र नाही आलं. ते चौथ्या सेमिस्टरला होतं.

कर्जाचं एक राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आली. त्यात ८ लाखांच्या आतल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांपुरती (सुरुवातीला ८६०), आणि खाजगी संस्था त्यात यायची तर एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या क्रमवारीच्या, पहिल्या शंभरात लागते. आमच्यासारखी छोटी विद्यापीठं तिथे कुठून असणार. बँकेत जायच्या आधी यादी बघा, वडिलांचा एक दिवस रजेचा जातो.

गोदाकाठ

एक विचारू? सगळं माहीत असतं तर २०२२ ला परत तिथेच गेली असतीस का?

बालाघाटची_लेक

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मला खरं उत्तर द्यायचं होतं. एक वर्ष थांबून परभणीसाठी परत प्रयत्न केला असता. पण सीताफळाच्या त्या रात्रीच्या बदल्यात काही देऊ का म्हणाल, तर नाही देणार. दोन्ही खरं आहे.

सरांचं उत्तर आलं. चारही डब्यांच्या नोंदी त्यांनी वहीतून फोटो काढून पाठवल्या. दोन नंबरच्या डब्यापुढे माझ्या अक्षरात 'पांढरा' लिहिलेलं आहे, पाच वेळा. फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून हेच घेते आहे. नवीन मॅडमना विषय नवा आहे, पण त्या म्हणाल्या, आपण दोघी मिळून शिकू. शेडची किल्ली ऑफिसात खुंटीवर राहील आणि सहीने मिळेल, असं लेखी द्यावं म्हणून आम्ही बावीस जणांनी अर्ज केला आहे.

अण्णा_जालना

ताई, काल मुलीला घेऊन त्या विद्यापीठात जाऊन आलो. पैसे भरले नाहीत. त्यांनी ऑडिटोरियम, जिम, कँटीन सगळं दाखवलं. मी म्हटलं, लॅबची किल्ली कुणाकडे असते? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग एका लॅब असिस्टंटनी शांतपणे नेऊन दाखवलं. मुलीने टेबलावरचं रजिस्टर चाळलं. शेवटची नोंद फेब्रुवारीतली होती. नंतर परीक्षा होत्या असं ते म्हणाले, असेलही. मुलीने दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी मेसमध्ये अर्धा तास गप्पा मारल्या, मी बाहेर थांबलो. येताना गाडीत ती म्हणाली, मुली चांगल्या आहेत, पण त्यांच्या वर्गाला या वर्षी तिसऱ्या मॅडम आल्या आहेत.

आज सकाळी कॅपचा फॉर्म भरला. तिला तुमच्याशी बोलायचं आहे, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.